बादलीतलं आईस्क्रीम

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं. हसनाबादेत आजही मी दिसलो की माझे जुने विद्यार्थी, चाळिशीला टेकलेले बाप्ये, तोंडातली पुडी थुंकून टाकतात. माझ्या नाकावर राग असतो हे मला माहीत आहे, गावालाही माहीत आहे. माझी नात अक्षता मात्र मला कधीच भ्यायली नाही. ती नऊ वर्षांची. दिवाळीनंतर तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि तेव्हापासून आमच्या घरात माझ्या रागाला काडीची किंमत उरली नाही.

मे महिन्यात औषधाचा चौथा डोस झाला आणि तिचं तोंड आलं. आपल्याला येतं तसा एखादा फोड नव्हे. गालांच्या आतून सालटी निघाली होती, जीभ पांढरीफटक पडली होती, थुंकी गिळतानाही पोरगी मूठ आवळायची. चार दिवसांत पोटात गेलं ते दीड पेला दूध. शुक्रवारी संभाजीनगरला डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, सतरा किलो भरलं. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत तोंडानं खायला लागली तर ठीक. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

ही नळी फेब्रुवारीत एकदा घातली होती. तिला चौघांनी धरलं होतं आणि मी बाहेर व्हरांड्यात कानांवर हात ठेवून उभा होतो. परतीच्या गाडीत अक्षता आईच्या मांडीवरून एवढंच बोलली, "मम्मी, मी खाते. पण नळी नको."

डॉक्टरीणबाईंनी एक वाट दाखवली होती. गार पदार्थानं आग कमी होते, आईस्क्रीम चालेल, पण बाहेरचं बिलकुल नाही. घरीच उकळलेल्या दुधाचं. आता घरी फ्रिज आहे, पण उन्हाळ्यात व्होल्टेज इतकं पडतं की वरच्या कप्प्यात पाणीसुद्धा गोठत नाही. माझा मुलगा वाळूजला कंपनीत, रजा संपवून बसलेला. सून ज्योत्स्ना रडकुंडीला आली. मी म्हणालो, मशीन लागत नाही. बर्फात मीठ घातलं की तो आणखी गार होतो, त्यात डबा फिरवला की दूध गोठतं. सातवीच्या पोरांना हा प्रयोग मी दरवर्षी करून दाखवायचो. माझी छाती केवढी फुगली होती ते आठवलं की आता स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपून ज्योत्स्नानं दूध आटवायला ठेवलं. साखर आणि दूध पावडर, बस. वेलदोडासुद्धा नाही, तो झोंबला असता. माझ्या धाकट्या मुलाचा पोरगा संघपाल आणि शेजारची मीना रसवंतीतून बर्फ घेऊन आले. या दोघांना अक्षताजवळ जायची बंदी होती, कारण तिला साधी सर्दीही परवडणारी नव्हती. म्हणून आम्ही अंगणात लिंबाखाली बसलो आणि ती आत, खिडकीला टेकवलेल्या खाटेवर, तोंडाला मास्क लावून. एरवी या टोळीची म्होरकी तीच. आता बोलता येत नव्हतं तर बोटं फिरवून हुकूम सोडत होती.

"मामा, बर्फ बाहेरचा हाये," ज्योत्स्ना म्हणाली. "काही व्हायचं न्हाई ना?"

"बर्फ डब्याच्या बाहेर राहतो गं. दुधाची अन् त्याची गाठच पडत न्हाई."

मी कडीचा स्टीलचा डबा घेतला. त्यात गार झालेलं दूध ओतलं, झाकण लावलं आणि झाकणाच्या कडेनं सगळीकडून घट्ट कणीक थापली. ही जुन्या कुल्फीवाल्यांची रीत, मिठाचं पाणी आत शिरू नये म्हणून. पोरांना बजावलं, "ही कणीक निघाली की खेळ खलास. मधी कुणीच उघडायचं न्हाई." मग बादलीत बर्फाचा थर, खडे मिठाचा थर, मधे डबा, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. संघपालनं कडी धरली आणि डबा गरागरा इकडून तिकडे फिरवायला लागला. तो दमला की मीना बसायची. बादलीला बाहेरून दव सुटलं तशी अक्षता खिडकीत उठून बसली. आठवड्यात पहिल्यांदा ती आपणहून उठली होती. ज्योत्स्नानं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, जिंकलो.

अर्धा तास झाला. पोरांच्या बोटांना बधिरी आली. बर्फाचं पाणी होऊन झाकणाच्या खाली बोटभर अंतरावर आलं होतं.

"आबा, पाणी काढून टाकू का?" संघपालनं विचारलं.

"आधी फिरव. हात थांबवू नको."

पण मलाच धीर निघेना. अक्षता खिडकीत फार वेळ बसू शकणार नव्हती, मान कलायला लागली होती. गोठलं असेल तर उगाच कशाला थांबायचं, असं म्हणून मी कणीक खरवडून झाकण उघडायला लागलो.

"आबा, नका ना उघडू. तुमीच म्हणले हुते."

"तू मला शिकवू नको," मी खेकसलो. पोरगा मागं सरकला.

आत कडेला जाड साय धरल्यासारखं गोठलं होतं, मधे अजून पातळ. चमचा बुडवून मी चव घेतली. गोड, गार, सुरेख. झाकण परत लावलं आणि तीच कणीक अंगठ्यानं दाबत गेलो. माझे हात मिठाच्या पाण्यानं ओले होते, कणीक बुळबुळीत झाली होती, धरत नव्हती. तरी दाबली, वर बर्फ लोटला आणि म्हणालो, "चला, जल्दी फिरवा, धा मिनिटं." पोरांनी जीव तोडून फिरवलं. पाणी उसळून झाकणावर येत होतं आणि मी घड्याळ बघत होतो.

या खेपेला डबा उघडला तेव्हा पांढरं, घट्ट, डोळ्यांना गार वाटेल असं आईस्क्रीम तयार होतं. मीना टाळ्या वाजवायला लागली. मी चाखलं नाही. उष्टा चमचा चालणार नव्हता आणि चव तर मघाशीच घेतली होती. ज्योत्स्नानं उकळत्या पाण्यातून नवा चमचा काढून दिला. वरवरचं चांगलं चमचाभर मी घेतलं, आत गेलो आणि माझ्या हातानं पोरीच्या तोंडात घातलं.

तिनं आधी डोळे मोठे केले. मग जो आवाज काढला तो मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता. आईस्क्रीम हनुवटीवरून ओघळलं, त्यात रक्त होतं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीकडं वळली. ज्योत्स्नानं डब्यात बोट घालून जिभेला लावलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"मामा, खारट हाये. नुसतं मीठ."

मी तसाच बाहेर आलो. डोक्यात तिडीक गेली होती. संघपाल दारातच उभा होता. "डबा आडवा केला ना रं तू? सांगितलं हुतं ना बराबर धर म्हणून!" आणि एक ठेवून दिली. तो गालावर हात ठेवून उभा राहिला, मग चप्पल न घालताच घरी गेला. मीनाही त्याच्या मागं गेली.

दुपारभर अक्षतानं ओठ मिटून ठेवले. पाणी नाही, दूध नाही. ज्योत्स्ना नुसती पेला धरून बसली होती. संध्याकाळी ती जरा उठून बाहेर गेली तेव्हा मी खाटेजवळ बसलो. पोरगी ओठ न हलवता बोलली, कान लावावा लागला.

"दादाला काऊन मारलं? झाकण तुमी उघडलं हुतं. मी पाहत हुते."

मला ते आठवलंच नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. आठवलं होतं, म्हणूनच हात उगारला होता.

"मंग तव्हाच सांगितलं काऊन न्हाई, बेटा?"

"मला वाटलं, तुमाला बराबर म्हाईत आसल."

मी संघपालच्या घरी गेलो. माफी मागायची सवय मला कधीच नव्हती, उंबऱ्यातच उभा राहिलो. त्यानंच विचारलं, "आबा, अक्षतानं काही खाल्लं का?" मी नकारार्थी मान हलवली. त्याच्या गालावर माझी बोटं अजून दिसत होती. तो म्हणाला, "आपण परत करू. मी आणतो बर्फ." आता ती सोन्याच्या चमच्यालाही तोंड उघडणार नव्हती. रात्री मुलगा वाळूजहून आला, त्यानं हात जोडले. तिनं बापासाठीही उघडलं नाही.

सोमवारी वजन भरलं साडेसोळा. डॉक्टरीणबाईंनी नळी घालायचं कागदावर लिहून सिस्टरला दिलं. आत जायला एकाच माणसाला परवानगी होती. सिस्टर म्हणाली, "डोकं घट्ट धरावं लागेल. कोण येतंय?" ज्योत्स्ना पुढं झाली.

अक्षतानं मान हलवली आणि माझ्याकडं बोट केलं.

ती माझ्यावर रागावली असती, माझं तोंड बघायचं नाही म्हणाली असती, तर मला सोसलं असतं. मी आत गेलो. खाटेच्या डोक्याकडं बसून तिचं केस गेलेलं डोकं छातीशी घेतलं. सिस्टरनं हातमोजे चढवले, नळीला जेली लावली. अक्षतानं वर बघितलं.

"आबा, ह्या टायमाला दुखणार न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले आणि मान माझ्या हातांत सैल सोडली.