पिंपात आरोळी

गुरोला बियर करण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरात बियर करायचा तो तिचा नवरा आयविन, आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. सासरे तोर्स्टाइन जाणकार, पण वसंतात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता नुसती कुजबुज.

फडताळात घरच्या यीस्टची एकच पुडी उरली होती, वाळवलेली, वर आयविनचं नाव. बियर करणाऱ्याचं नाव पुडीवर घालायचं, ही घरची रीत. हे विरजण तोर्स्टाइनच्या पणजीपासूनचं. शेजारीपाजारी सगळे दुकानातलं पाकीट फोडू लागलेले, तेव्हा ही पुडी मेली की विषयच संपला.

"यंदा नाही लावलं तर मरेल गं ते," सासरे म्हणाले. "वीसच लिटर कर. मी सांगतो तसं."

तिने केलं. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, त्या पाण्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचा माल्ट भिजवला, गाळला, गोड काढा चार तास आटवला. तो निवत आल्यावर सासऱ्यांनी थर्मामीटरकडे ढुंकूनही न बघता बोट बुडवलं.

"धारोष्ण दुधाएवढं झालं. टाक. आणि ओरड."

"मी?"

"मग काय मी? पिंपात तोंड घालून आरोळी ठोकायची, त्याशिवाय ते जागं होत नाही. एवढी वर्षं या घरात काय पाहिलंस?"

पाहिलं कसं नसेल! आयविनची आरोळी ऐकून पलीकडच्या उतारावरचा हाल्वार पेला घेऊन हजर व्हायचा. पण ही बाई मोठ्यानं बोललेली कोणी ऐकलीच नव्हती. नवऱ्याला पुरलं तेव्हाही तिने हूं की चूं केलं नाही. तिने पुडी रिकामी केली, पिंपावर वाकली आणि आत हळूच "होऽ" म्हणाली.

"मांजराला बोलावतेयस का?" सासरे करवादले.

सकाळी पिंपावर पांघरलेली घोंगडी उचलून पाहिलं तर काढा जसाच्या तसा, एक बुडबुडा नाही. म्हातारा पिंपाशी स्टूल ओढून बसला होता. त्याने आत तोंड घातलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर आली नुसती हवा. पुन्हा ताणल्या. पुन्हा हवाच.

गुरोला ते बघवेना. "सरका मामंजी," ती म्हणाली आणि तिने डोकं पिंपात घातलं. ओरडायचं होतं नुसतंच काहीतरी. निघालं ते "आयविऽऽन!" एकदा नाही, घसा बसेपर्यंत. मग तिथेच जमिनीवर बसून ती ढसाढसा रडली. तीन वर्षांचं रडणं, लवकर कसं आटपेल?

हाल्वार धापा टाकत दारात आला. "काय झालं? कोणाला काही झालं का?"

"बियर लावलीय," तोर्स्टाइन कुजबुजले. "बूट काढ आणि बस."

दुपारी फेस पिंपाच्या काठापर्यंत चढला. जुनं विरजण, उठायला वेळ लागणारच, असं शहाणे म्हणतील. म्हणू देत बापडे.

दोन दिवसांनी गुरोने वरचा फेस, म्हणजे पुढच्या खेपेचं विरजण, काढून तागाच्या कापडावर वाळत घातला. वाळल्यावर भरायला तिने नवी पिशवी आणली, तर सासऱ्यांनी ती बाजूला सारली आणि जुनीच रिकामी पुडी पुढे ओढली. आयविनच्या नावाखाली त्यांनी सावकाश लिहिलं, "गुरो".