विक्रम पुकारणारा माइक

मी टॅमरॅकच्या बेसबॉल मैदानावरचा माइक. आज मी बोलतोय खरा, पण आजवर माझ्यातून बोलला तो ऑरिन हॅस्केट. सव्वीस वर्षं. माझ्या जाळीत त्याच्या मिशांचे केस सापडतील, सॉसेजवरची मोहरीची चटणी सापडेल, आणि नीट पाहिलंत तर एक काळपट डागही दिसेल. तो डाग कसा पडला, ते सांगतो.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात शेकड्याने एकसारखे जन्मलो आणि खोक्यात भरून निघालो. टॅमरॅकच्या कागद गिरणीने मला गावच्या संघासाठी विकत घेतलं. पुढे गिरणी बंद पडली, अर्धं गाव पोटासाठी दुसरीकडे गेलं, आणि मागे राहिलेल्यांना ऑटर्स हा बेसबॉलचा संघ तेवढा उरला. दर बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी सगळे मैदानावर. जे अंथरुणाला खिळलेत ते रेडिओला कान लावून. ऑरिन माडीवरच्या खोलीतून सामन्याचं वर्णन करायचा, ते मैदानाच्या कर्ण्यातून आणि गावच्या रेडिओवरून एकदमच ऐकू जायचं.

त्याच्या शेजारी त्याची बायको लुएला बसायची, धावांची वही घेऊन. ऑरिन बोलण्यात वाहवत गेला की ती पेन्सिलीने टेबलावर टकटक करायची. तो म्हणायचा, "सांगतो गं बाई, स्कोअर सांगतो." हेसुद्धा रेडिओवर जायचं आणि लोकांना ते फार आवडायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात ऑटर्स जिंकायला लागले ते थांबेनातच. लागोपाठ सतरा विजयांचा जुना विक्रम त्रेसष्ट सालचा. पाच झाले तेव्हा गाव सावध झालं. आता इथली रीत अशी, की जिंकणं सुरू झालं की कशालाही हात लावायचा नाही. टोप्या धुवायच्या नाहीत, जागा बदलायच्या नाहीत, आणि आकडा तर तोंडातून काढायचाच नाही. व्हर्न पेल्टियर हा संघाचा व्यवस्थापक, शहाणा माणूस, पण त्यानेही महिनाभर तोच मळका सदरा अंगावरून उतरवला नाही. मी तेव्हाच खरखरत होतो. नवा माइक खोक्यात येऊन पडला होता, तो कुणी उघडला नाही.

आणि त्याच सुमारास ऑरिनचा आवाज बसला.

त्याच्या ओठांपासून मी चार बोटांवर. सर्दीने बसलेला आवाज मला ओळखता येतो, ओरडून बसलेलाही. हा तसा नव्हता. यात काहीतरी अडकलेलं होतं. लुएलाने त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गाठ पाहिली, लगेच दाखल व्हा म्हणाले, तुकडा काढून तपासायला हवा, आणि त्यानंतर दोन महिने बोलणं बंद.

"दोन महिने?" ऑरिन खोलीत येऊन खुर्चीत बसत म्हणाला. "आणि माझ्या जागी बोलणार कोण?"

"कुणीही बोलेल. कुत्रा भुंकला तरी चालेल मला," लुएला म्हणाली.

"आवाज बदलला आणि हरलो, तर गाव मला उभं करणार नाही दारात. हे बघ, हरलो की दुसऱ्या दिवशी जातो. किती जिंकतील? अजून दोन, फार तर तीन."

व्हर्न दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हा मित्राला चार शब्द सुनावेल. तो म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना पण तसं?"

"वाटतंय की."

"मग झालं तर."

दोन-तीन नाहीत, जिंकतच राहिले. जून गेला. लोक जिन्यावर ऑरिनला गाठायचे, कुणी मध आणून द्यायचं, कुणी आल्याच्या गोळ्या. "काका, जपा हं आवाजाला," म्हणायचे. घरी जा, असं कुणी म्हणालं नाही. एकट्या लुएलाने बाजू बदलली. आपल्याच पोरांचा चेंडू हुकला की तिच्या तोंडून हलकेच "थँक गॉड" निघायचं. जन्मभर ज्या संघासाठी घसा कोरडा केला, तो हरावा म्हणून ती बाई वहीवर हात जोडून बसायची, आणि हे गावात फक्त मला माहीत होतं.

माझा राग माझ्यावरच आहे. मी जुना, खरखरणारा. त्या दिवसांत एकदा जरी मी बंद पडलो असतो, तरी ऑरिनला गप्प बसावं लागलं असतं. पण आम्हा यंत्रांना नको तेव्हा इमान सुचतं. मी एकदाही दगा दिला नाही.

जुलैतल्या एका रविवारी अठरावा विजय झाला. शेवटचा फटका वर गेला आणि आमच्या पोराने तो कुंपणाशी झेलला. दोन महिने तोंडात धरून ठेवलेला आकडा ऑरिनने एकदाचा उच्चारला, "अठरा! टॅमरॅक, अठरा!" दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फाटला आणि पुढे नुसता घोगरा श्वास आला. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदाने रडतोय. मग तर त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. घरून आणलेल्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवल्या, कुंपणापलीकडे गाड्यांचे भोंगे अर्धा तास थांबले नाहीत, मोठाली माणसं गवतावर लोळली. ऑरिनने खोकत खोकत त्रेसष्टच्या संघातली नावं एकेक करून वाचली, हयात असलेल्या तिघांना उभं केलं. नवा विक्रम झाला की जुन्यांची नावं वाचायची, हीही इथली रीत. सातव्या नावाला त्याच्या तोंडातून रक्त आलं. माझ्यावर डाग पडला तो तेव्हाचा. लुएलाने तिच्या रुमालाने मला पुसलं आणि त्याला म्हणाली, "पुरे कर." त्याने उरलेली नावं वाचली.

ते पुढे बावीसपर्यंत गेले. ऑगस्टमध्ये हरले तेव्हा मैदानावर सुतक पडलं. लुएलाने वही मिटली, ऑरिनचा हात धरला आणि त्याला तसंच गाडीत बसवून शहरात घेऊन गेली. तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. आता तो गळ्याच्या भोकातून श्वास घेतो आणि पाटीवर लिहून बोलतो.

मला तिकीट खिडकीजवळ काचेच्या पेटीत ठेवलंय. खाली लिहिलंय, 'बावीस विजय पुकारणारा माइक'. लोक फोटो काढतात.

काल, रविवारी, विक्रमाचा वाढदिवस साजरा झाला. ऑरिनला त्याच्या खुर्चीत बसवलं, मला पेटीतून काढून त्याच्या हातात दिलं, आणि कर्ण्यावरून त्याचं ते 'अठरा' पुन्हा ऐकवलं. घंटा वाजल्या, भोंगे वाजले. ऑरिनने मला ओठांशी धरलं. ओठ हलले. मला काही मिळालं नाही. श्वाससुद्धा आता तिथून येत नाही. मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. खाली लोक डोळे पुसत टाळ्या वाजवत होते.

काल ऑटर्स जिंकले. यंदाचा लागोपाठ सातवा.

व्हर्न धापा टाकत वर आला. "लेका ऑरिन, तू बसलास आणि बघ. बुधवारीपण याच खुर्चीत हं. काही बदलायचं नाही."

"बुधवारी त्याची तपासणी आहे," लुएला म्हणाली. "मानेत पुन्हा काहीतरी लागतंय हाताला. दोन महिन्यांनी ही तारीख मिळालीय."

"वहिनी, एक आठवडा पुढे नाही का ढकलता येणार? मी बोलू का तिथे?"

लुएलाने ठामपणे नकारार्थी मान हलवली. पण ऑरिनने पाटी ओढून घेतली होती. त्यावर त्याने लिहिलं, 'येतो.' मग ती व्हर्नला नीट दिसावी म्हणून वर धरली. गेल्या वर्षभरात त्याचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता.

आज सोमवार. मला अजून पेटीत परत ठेवलेलं नाही, मी वर टेबलावरच आहे. व्हर्नने मघाशीच येऊन ती खुर्ची पुसून ठेवली. आता माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी टॅमरॅकचं असेल, तर उद्याच्या उद्या हॅस्केटांच्या घरी जा आणि त्याला तोंडावर सांगा, की ऑरिन, तू बुधवारी येऊ नकोस, आम्ही हरलो तर हरू.