फोल्करने मंजूर केलेला मजकूर

मिठाचा एक जाडसर खडा एन्टरच्या कळीखाली जाऊन बसला होता आणि कळ दाबली की करकरत होती. सकाळी खाल्लेल्या ब्रेत्सेलचा, त्या खारवलेल्या पावाचा असणार. गेझा तो नखाने उकरत होती आणि मनाशी ठरवत होती की खडा निघेपर्यंत फोल्करची मेल उघडायची नाही — जणू ती तिने आधीच चार वेळा वाचलेली नव्हती.

‘मजकूर ठीक. छापायला हरकत नाही. फक्त तिसऱ्या परिच्छेदात पायाचं वजन तीनशे ग्रॅमने कमी लिहिलंयस. — फो.’

एवढंच. सकाळी आठ चाळीसला आलेली.

अंतराळावर लिहिणारे सगळेच उतरण्याच्या दिवशी दोन लेख तयार ठेवतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक यान उतरलं तर, एक आपटलं तर. कुणाच्या नोकरीत नसलेल्या, उड्डाणं बघायला बैकानूरच्या थंडीत आणि कुरूच्या डासांत स्वतःच्या हिमतीवर उभं राहून चार वर्तमानपत्रांना लेख देणाऱ्या बाईला तर ते ठेवावेच लागतात. बातमी आल्यावर लिहायला बसलं तर ती शिळी होते. आणि जर्मनीतली रीत अशी, की ज्याची वाक्यं अवतरणात घालायची त्याला ती आधी दाखवायची, त्याने होकार दिला की मगच छापायची. त्याप्रमाणे तिने काल दुपारी, यानाचे पाय बनवणाऱ्या फोल्करला लेख पाठवला होता. तो दुसरा होता, हे त्याचं उत्तर वाचल्यावर कळलं; पायाच्या वजनाचा आकडा त्याच लेखात होता.

दुसरा... ज्यात यान आपटून संपलेलं होतं. ज्यात फोल्कर भूतकाळात होता — मेलेला नव्हे, नुसता भूतकाळात, ‘ज्याने आयुष्याची एकोणीस वर्षं या चार पायांवर घालवली होती’ असा. आणि ज्यात त्याचं ते वाक्य होतं, मे महिन्यात त्याच्या स्वयंपाकघरात जेवणासाठी शतावरीचे कोंब सोलता सोलता तो बोललेला: “पाय हलका करायचा हट्ट माझा होता, सगळे नको म्हणत होते.” मी वही काढली नव्हती. वही काढली असती तर तो बोललाच नसता... मग ते माझ्याजवळ शब्दन्‌शब्द राहिलं कसं? परतताना ट्राममध्ये लिहून ठेवलं म्हणून. मैत्रिणीने ऐकलं आणि पत्रकाराने टिपलं असं म्हणायची सोय आहे, पण दोघी एकाच कोटात होत्या.

आणि ते वाक्यही त्याने ठेवलं होतं. का नाही खोडलं? त्याने आशाच सोडली होती का? की हा टोमणा होता? की त्याच्या लेखी वजन चुकणं हीच खरी चूक, बाकी सगळं क्षम्य? तिला स्वतःची लाज वाटली, आणि लगोलग त्याचा राग आला. शिव्या दिल्या असत्या तर मला माफी तरी मागता आली असती.

“काय गं, तोंड का उतरलंय? यान उतरायला अजून वेळ आहे,” पत्रकारांच्या खोलीत तिच्या शेजारी बसलेला वीबे म्हणाला. डच रेडिओवाला, तोंडात सदानकदा काहीतरी.

“वीबे, तुझा दोन्हींतला कुठला चांगला झालाय?”

“आपटल्याचा. नेहमीच! उतरल्यावर काय लिहिणार, कपाळ? टाळ्या वाजल्या, म्हातारे रडले, मंत्री बोलले. आपटलं की गोष्ट असते बघ.” त्याने बोटं चाटली. “तुझा?”

“मी एकच लिहिलाय,” गेझा म्हणाली. इतकं बिनकामाचं खोटं ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

खरं म्हणजे दुसरा लेख तिने वर्षानुवर्षांत लिहिलेला सर्वांत चांगला लेख होता. आपटलं तर शनिवारच्या पुरवणीची दोन पानं, उतरलं तर अर्धा रकाना, असं संपादकाने आधीच सांगितलं होतं. पण ते जाऊ दे. त्या लेखातलं शेवटचं वाक्य तिने न्हाणीघरात मोठ्याने म्हणून पाहिलं होतं — दोनदा — आणि दोन्ही वेळा तिला नळ सोडून डोळे धुवावे लागले होते. फोल्करसाठी? की वाक्य जमलं म्हणून?

ती कॉफी घ्यायला उठली तर यंत्रापाशी फोल्करच उभा, तपकिरी स्वेटरची बाही ओढत.

“दुरुस्त केलंस का वजन?”

“फोल्कर, ते... अरे, चुकून गेलं ते.”

“पाठवलंस चुकून,” तो म्हणाला. “लिहिलं नाहीस चुकून.”

त्याने तिचा पेला यंत्राखाली धरला, दूध बेताचं घातलं, तिला लागतं तेवढंच.

“चांगलं लिहिलंयस गं. वाईट त्याचंच वाटलं. वाचता वाचता क्षणभर मलाही वाटलं, हे छापून यायला हवं.” तो हसला की काय, ते तिला कळलं नाही. मग तो काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात, आपल्या माणसांत निघून गेला.

घोषणा झाली: घड्याळाप्रमाणे यान टेकलं असावं, संदेश पृथ्वीवर पोचायला सतरा मिनिटं. म्हणजे जे व्हायचं ते तिथे होऊन गेलं होतं. तिच्या दोन लेखांपैकी एक आत्ताच रद्दी झाला होता, कुठला ते तेवढं ठाऊक नव्हतं. उतरू दे, ती म्हणत होती, उतरू दे, उतरू दे — आणि त्या म्हणण्याखालून ते शेवटचं वाक्य आपलं चाललंच होतं, शब्दांमागून शब्द, अडवलं तरी.

पडद्यावरची सपाट रेघ उसळली; यान शाबूत उतरलं होतं.

सगळी खोली उठली. वीबे ओरडला, कुणीतरी खुर्ची पाडली. गेझाही उठली, टाळ्या वाजवू लागली, आणि तिच्या छातीत काहीतरी खाली बसलं... दाराशी आलेला पाहुणा शेजारच्यांकडे वळला की बसतं तसं. पापणी लवेपर्यंतच. मग आनंद झाला, खराखुरा झाला, डोळे भरून आले; पण मागून झाला.

तिने काचेकडे पाहिलं. पलीकडे माणसं फोल्करच्या गळ्यात पडत होती, पाठ थोपटत होती, आणि त्यांच्या खांद्यांवरून तो सरळ तिच्याकडे बघत होता. आत्ता बघायला लागला होता, की रेघ उसळण्याच्या आधीपासून? पडदा सोडून? एकोणीस वर्षांचं काम टेकत असताना हा माणूस माझं तोंड बघत उभा होता?

तेव्हा आपल्या चेहऱ्यावर काय होतं, हे ती आठवून पाहू लागली. आठवेना. ते पाहिलं होतं फक्त त्याने. टाळ्या विरत चालल्या तरी ती वाजवतच राहिली, कारण हात थांबले की चेहरा तेवढा उरणार होता, आणि तो आता कसा ठेवायचा हे तिला कळत नव्हतं.