मामाघरची पत्रिका

वर्षालीने लग्नपत्रिकांची पिशवी मांडीवर सावरली, तेवढ्यात धर्मेंद्रने परतवाड्याच्या पुढे मोटारसायकल सरळ घाटाच्या रस्त्याला घातली.

"दादाचं गाव तर तिकडं राहिलं!" ती मागून ओरडली.

"जाऊ ना वं, येतानी. बावीस वर्षं झाले लग्नाले, सेमाडोहचं जंगल नाई दाखवलं म्हणून टोमणे मारतं. आज पाहून घे."

लेकीच्या लग्नाची पहिली पत्रिका मामाला द्यायची, ही रीत कुणाला शिकवावी लागत नाही. धर्मेंद्रने मात्र सकाळी अमरावती सोडल्यापासून आडवाटेच्या गावांतले सगळे सोयरे, अगदी नावापुरते होते तेसुद्धा, आधी उरकले होते. वर्षालीने ते चालवून घेतले. पाच वर्षांनी नवरा तिच्या माहेराकडे फिरकतोय, हेच पुष्कळ होते. मंगलाष्टकांच्या वेळी पाठीशी श्रावणमामाच हवा, असे पायलने धरून ठेवले होते, आणि पोरगी बापासारखीच हट्टी.

घाट देखणा होता, ते तिने कबूल केले. सागाच्या रानातून वळणे घेत रस्ता चढत होता. सिपना नदीच्या काठी दोघांनी भाकर आणि ठेचा खाल्ला. धर्मेंद्रने तिचे फोटो काढले. इतका गोड वागणारा नवरा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि म्हणूनच तिला त्या गोडव्याचा भरवसा वाटत नव्हता.

भांडण म्हणाल तर एका टोपीचे. पाच वर्षांपूर्वी श्रावणच्या घराच्या वास्तुशांतीला सगळ्या जावयांना टोपी-दुपट्टा देऊन मान झाला. धर्मेंद्र तेव्हा मागच्या अंगणात वाढप्यांवर देखरेख करत होता. त्याला हाक मारायचे राहून गेले. चूक दादाचीच. पण दुसऱ्याची चूक माणसाने किती वर्षे उशाशी घेऊन झोपावे?

ऊन कलता कलता ते श्रावणच्या गावात पोचले. धर्मेंद्रने गाडी फाटकाबाहेर उभी केली, पण बंद केली नाही.

"तू ये देऊन."

आत श्रावणने पत्रिका कपाळाला लावली. पाटावर ताट तयारच होते: टोपी, दुपट्टा, नारळ, कुंकू.

"पायलचा फोन आल्ता," तो हळूच म्हणाला. "मामा, माह्यासाठी बाबाचा मान कर म्हणे. लेकराले सांगा लागलं, वर्षा. मलेच लाज वाटली."

आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस ताट घेऊन रस्त्यावर आला. शेजारपाजारचे ओट्यावरून पाहत होते. धर्मेंद्र गाडीवरून उतरलासुद्धा नाही. त्याने मान जराशी वाकवून टोपी घालून घेतली, दुपट्टा आणि नारळ घेतला, कुंकू लावून घेतले.

"चुकलो, भाऊजी. पोटात घाला. चहा तरी..."

"घातलं पोटात," धर्मेंद्र म्हणाला. "लग्नाले या सगळे. पायलच्या मागं उभं राहाले मातर तुमचे चुलतभाऊ वामनराव ठरले. त्याइले मी कालच सांगून देलं."

श्रावण रिकामे ताट धरून उभा राहिला.

"येईन ना," तो म्हणाला. "जेवाले येईन."

वर्षालीला तिथेच ओरडावेसे वाटले. पण लोक पाहत होते, माहेरची आणखी शोभा नको म्हणून ती मुकाट्याने गाडीवर बसली. त्या बसण्याची चीड तिला जन्मभर पुरली.

संत्र्यांच्या बागांमधून गाडी निघाली. धर्मेंद्र शीळ घालत होता.

"पाहिलं? साऱ्या गावासमोर वाकला."



घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. पायल फाटकातच उभी होती. बापाच्या डोक्यावरची टोपी दिसताच ती धावत आली आणि त्याच्या गळ्यातच पडली.

"केला ना मामानं मान? मीच सांगतलं होतं त्याले!" ती हसत म्हणाली. "मंग आता मामाच उभा राहीन ना माह्या मागं?"

धर्मेंद्रने बायकोकडे पाहिले. वर्षाली पिशवी घेऊन खाली उतरली.

"मले काय पाहाता?" ती म्हणाली. "सांगा ना तिले."