पुरे म्हणेपर्यंत

तांब्याच्या काठाला एक पोचा होता, आणि आई सकाळपासून चिंच लावून नेमका तोच घासत होती — घासून पोचा जाणार होता थोडाच! गजा ओटीवर बुटांना पॉलिश करत तिच्याकडे बघत होता. आज तीनच्या खेळाला कर्जतच्या टॉकीजमध्ये हा तांब्या पडद्यावर दिसणार होता. पडद्यावरचा तांब्या गेल्या वर्षीचा, आज घासून त्याला काय उपयोग… असं त्याच्या मनात आलं. चांगो, त्याचा बाप, धुतलेलं धोतर नेसून केव्हाचा तयार होता.

"आमच्यासंगं बसतोस ना रं?"

"ऑफिसातली माणसं आहेत, बाबा. मी मागं खुर्चीत बसेन."

"बरं. मी मधीच वलून बघीन. दिसशील ना?"

दिसेन, असं गजा म्हणाला होता.

गेल्या वर्षी सिनेमावाल्यांनी कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरचं त्यांचं अंगण पसंत केलं. सिनेमा विनोदी. एका नटाला पुढाऱ्याबरोबर फोटो हवा असतो, पुढाऱ्याला नटाबरोबर. दोघं एकमेकांच्या मागं धावतात आणि शेवटी एका शेतकऱ्याच्या दारात भेटतात, एवढीच गोष्ट. चांगोनं नुसतं हात जोडून दारात उभं राहायचं होतं. पण जीपमधून टोपीवाला पुढारी उतरला, अंगणात आला, तसा चांगो आत गेला, तांब्या घेऊन आला आणि वाकून त्याच्या पायांवर पाणी ओतू लागला — बुटांसकट. दारात आलेल्याच्या पायांवर पाणी घालायचं, आणि तो 'पुरे' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आधी थांबलं तर पाहुण्याचा अपमान. घरची माणसं काय, पिंपातलं आपलं आपण घेतात. हे त्या पुढाऱ्याला कोण सांगणार? तो उड्या मारू लागला, चांगो वाकलेल्या वाकलेला त्याच्या मागं. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या, म्हणाला, हे ठेवायचं.

"बाबा, तो नट होता. खोटा पुढारी," गजानं नंतर सांगितलं होतं.

"ठावं हाय रं. खोटा असला म्हनून काय झालं? दारात आला ना?"

त्या वेळी गजाला हसू आलं होतं, पण ते वेगळं. त्या हसण्यात बापाचा अभिमानच जास्त होता. मग आज टॉकीजमधलं हसू कुठून आलं?

टॉकीज गच्च भरलं होतं. गजाच्या शेजारी खोपोलीच्या कारखान्यातले हेडक्लार्क, पलीकडे त्यांच्या पत्नी इंदूबाई. गजा तिथं नुकताच नोकरीला चिकटला होता. घरी शेती आहे, वडील बघतात, असं त्यानं त्यांना सांगून ठेवलं होतं. 'बघतात' या शब्दात कसं, बांधावर छत्री घेऊन उभा असलेला एक माणूस दिसतो… इंदूबाईंनी पदराआडून शेंगदाण्यांची पुडी पुढं केली, त्यानं चार दाणे घेतले, आणि पडद्यावर त्याचं अंगण आलं.

पोचा बैलगाडीच्या चाकाएवढा झाला होता. त्याच्यामागं बापाची पाठ — फाटक्या बंडीतून मणके दिसत होते, आणि ही बंडी इतकी फाटकी होती हे घरात कधी कसं दिसलं नाही? पुढारी "अरे, अरे!" करत नाचू लागला. नट धावत आला, चिखलात घसरला आणि पुढाऱ्याच्या ओल्या बुटांवर आडवा पडला. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. टॉकीज कोसळायचं बाकी राहिलं. आणि बाप मान वर करून बघत होता, 'पुरे' ऐकायला. बापाचं तोंड, पडदाभर. सगळ्यांना ते वेडगळ दिसलं असणार. तो कशाची वाट बघतोय ते गजाला ठाऊक होतं. आणि तरी तोही हसला. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या एवढंच.

"तुमच्याच गावात झालं ना हे शूटिंग? कोण हो हे म्हातारे? किती गोड!"

इंदूबाई कुचेष्टेनं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान त्याला राग तरी धरता आला असता.

"असेल कुणीतरी गावातला," गजा म्हणाला. हसणं मोठं होतं म्हणून जरा मोठ्यानंच… आणि तेवढ्यात हसणं ओसरलं, त्याचा आवाज एकटाच राहिला. पुढच्या बाकावर एक पागोटं वळलं. बाप त्याला शोधत होता. तोंडावर पडद्याचा उजेड, आणि हसू होतं — का नव्हतं? नीट बघायचं होतं गजाला. पण तो खाली वाकला आणि बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागला.

खेळ सुटल्यावर गर्दीत तो मुद्दाम मागं राहिला. मग नदीच्या पुलावर उगाच उभा राहिला. बापानं ऐकलं असेल? पुढं तर शिट्ट्या चालल्या होत्या… नसेल ऐकलं. पण मग लगेच कसा वळला? तो तर वळणारच होता, सकाळीच म्हणाला होता. ऐकलं असलं तर माफी मागता येईल. नसलं ऐकलं, तर कुठल्या तोंडानं सांगू? लाज वाटत होती, आणि बापाची लाज वाटली याची लाज तर त्याहून जास्त.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. बूट दाराशी काढून तो पिंपाकडे वळला, तर ओटीवरून चांगो उठला.

"थांब रं. दमून आलास."

तो आत गेला. आला तेव्हा हातात तांब्या होता, सकाळी घासलेला, काठोकाठ भरलेला. चांगो वाकला आणि गजाच्या पायांवर पाणी ओतू लागला.

आई दारात उभी होती. पाणी गार होतं. ओघळ चुलीकडच्या पायरीपर्यंत गेला. बापानं धार एकसारखी धरली होती, रागानं ओतलं असतं तर कळलं असतं… की हे नुसतं दमलेल्या पोरासाठी? चांगोनं मान वर केली. तेच तोंड. तो वाट बघत होता.

फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो पाहुण्यानं म्हणायचा असतो. गजा तोंड उघडून तसाच उभा राहिला, आणि चांगो ओतत राहिला.