बरणीतलं काळं तेल

खट्! पदराआड लपवलेलं लोहचुंबक पिठाच्या डब्याला चिकटलं आणि दुपारची शांतता मोडली. आतल्या खोलीत सासूबाईंनी कूस बदलली. माझ्या लेकीनं, ज्ञानदानं, हसू दाबायला तोंडावर दोन्ही हात धरले.

लोणच्याच्या बरण्यांमागून मी माझी बरणी काढली. तिच्यात पाण्याखाली लोखंडाची बारीक पूड मिसळलेलं जड, काळं तेल होतं. काचेवरून कुणीही चुंबक फिरवलं, की ते अंगावर काटे उभारून त्यामागं धावायचं. सांगलीच्या कलाप्रदर्शनात लोकांच्या हाती मी हेच देणार होते. त्यासाठी आज चारपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता, आणि पावणेचार झाले होते.

ज्ञानदानं चुंबक फिरवलं. तेलाचं साळिंदर झालं. मी मोबाईल धरला.

"संयोगिता, चा ठेव गं!" आतून सासूबाईंची हाक आली. "आन् ते सांगलीचं खूळ काढ डोस्क्यातनं. आठ दिस पोरीला कोण बघणार? मला न्हाई जमायचं!"

"हो, आत्या."

मोबाईल फळीवर ठेवून मी आधण चढवलं. ज्ञानदा चुंबक डावीकडं नेत होती, उजवीकडं नेत होती. तेल निमूट मागं जात होतं.

"आई, ह्याला चुंबकाकडं जायचंच नसंल, तर हे काय करतं गं?"