म्हाताऱ्या पिकअपचा जुलाब

योगीराजची पिकअप चालू झाली की ताडकळसच्या त्या गल्लीतल्या बाया दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या. एवढा धूर. कापूस आणि भाजीपाला वाहून वाहून गाडी थकली होती, पण घरात तिला नावं ठेवलेली चालत नसत. त्याच्या बायकोनं, निकितानं, मात्र लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच पाय रोवला.

"धूर थांबला तरच स्वरदा या गाडीत बसेल. नाहीतर मी तिला घेऊन एसटीनं जाते."

निमित्त लेकीच्या, स्वरदाच्या, जावळाचं. जावळ मामाच्या मांडीवर निघायचं, आणि मामा, म्हणजे निकिताचा भाऊ श्रीराम, सोनपेठला. सासूबाई, सगुणाबाई, लगेच आडव्या आल्या. "दारात गाडी असून व्याह्याच्या घरी एसटीनं? गाडी इकली म्हणतील की लोक."

निकिताला लोकांपेक्षा लेकीच्या खोकल्याची फिकीर होती. तिनं रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं होतं. धुरात काय काय असतं हे पाठ होतं, आणि पाठ असल्यामुळंच स्वरदा झोपली की ही तिच्या छातीला कान लावून बसायची.

तिनंच परभणीहून डिझेलमधे टाकायच्या औषधाची बाटली आणली. लेबल वाचलं, दुकानदाराला विचारलं, परत लेबल वाचलं. मग नवऱ्याला बसवून सांगितलं, "टाकी फुल्ल करायची. बाटली पूर्ण ओतायची. मग गाडी लांबवर पळवायची, म्हणजे आतली काजळी सुटते. सुटलेला कचरा फिल्टरमधे अडकला तर फिल्टर बदलायचा. तो पण आणलाय."

"एवढं काय अवघड हाय त्यात," म्हणत योगीराज बाटली घेऊन गोठ्याकडं गेला. गोठ्यात बैल उरले नव्हते, पिकअप उभी असायची. आणि तिच्याशेजारी बाजेवर त्याचे वडील दिनकरराव. त्यांना सगळे बापू म्हणत. बापूंनी जन्मात स्टिअरिंग धरलं नव्हतं, पण बैलांना बांबूच्या नळीनं औषध पाजण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"काय हाय रं ते?"

"इंजिनाचं पोट साफ करायचं औषध, बापू."

"मंग जुलाब म्हण की सरळ." बापू उठून बसले. "आन समदी बाटली वतायलास? म्हाताऱ्या जनावराला डोस निम्मा द्यावा. पुरा दिला की आडवं व्हतंय."

"टाकी फुल्ल करून टाकायचं म्हणती निकिता."

"जुलाबाच्या आधी कुणी वैरण घालतं का? तळाला हाय तेवढं डिझेल बास. आन आता तिला हलवू नको. सकाळपस्तोर इसावा घेऊ दे."

योगीराज पदवीधर होता. पण जनावराच्या बाबतीत बापूंचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता, आणि हे जनावर नाही एवढं ऐन वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही. उरलेली निम्मी बाटली बापूंनी बंडीच्या खिशात ठेवली. घरात स्वरदाला भरवणाऱ्या निकिताला यातलं काही कळलं नाही.

सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा धूर दिसला नाही, म्हणून निकिता बसायला तयार झाली. पुढं योगीराज, निकिता, तिच्या मांडीवर स्वरदा आणि खिडकीशी सगुणाबाई. मागं हौद्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बापू, हातात नारळाची पिशवी. गाव सुटलं आणि गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. मग असा काळा लोट सुटला की बापू खुर्चीसकट दिसेनासे झाले. पुढं जाऊन गाडी बसलीच.

निकिता लेकीच्या नाकाला पदर लावून खाली उतरली. "टाकी फुल्ल केली होती ना?"

योगीराजनं बापूंकडं बघितलं. बापूंनी शेताकडं. मग सगळं बाहेर आलं.

"बापू, ती गाडी आहे. बैल नाही," निकिता शक्य तितक्या सावकाश म्हणाली.

"मला कळतंय की. बैल असता तर यवढ्यात शेण टाकून मोकळा झाला असता."

तिनं डायपरच्या पिशवीतून नवा फिल्टर काढून नवऱ्याच्या हातात दिला. बापूंकडून बाटली मागून घेतली. "हा बदला. कॅनमधून डिझेल आणा, मग पंपावर जाऊन टाकी फुल्ल करा, उरलेलं औषध ओता. आणि जोरात पळवत या. विसावा नको." तेवढ्यात गंगाखेडची एसटी आली. तिनं हात केला.

सगुणाबाईंनी एकदा एसटीकडं बघितलं, एकदा धुराकडं, आणि तोंडावर पदर ओढून बसमधे चढल्या. ओळखीचं कुणी नाही याची खात्री झाल्यावरच पदर वर गेला.

गंगाखेडला बस बदलली. तशा त्या म्हणाल्या, "सोनपेठच्या स्टँडवर उतरायचं न्हाई. अलीकडं फाट्यावर उतरू. गाडी येईल."

"नाही आली तर?"

"तर चालत जाऊ. चालत गेलं की नवसाचं वाटतंय."

फाट्यावर बाभळीखाली दोघी थांबल्या. श्रीरामचा फोन येऊन गेला, न्हावी येऊन बसलाय म्हणून. अखेर पिकअप दिसली. पाठीमागं लोट नव्हता. बापूंचा चेहरा मात्र तव्याच्या बुडासारखा झाला होता.

"निम्म्या डोसानंच सुटली बघ," ते खुर्चीवरून म्हणाले.

निकितानं लेक सासूकडं दिली, पिशवीतून धुतलेलं पांढरं फडकं काढलं आणि नवऱ्याला रेस द्यायला लावून सायलेन्सरपुढं धरलं. फडकं उलटसुलट करून बघितलं, वास घेतला. कालपर्यंत ते कोळसा झालं असतं. आज राखाडी होतं.

"थांबला नाही. कमी झालाय," ती म्हणाली. म्हणजे शब्दाला धरून बघितलं तर चालतच जायला हवं होतं. तिनं स्वरदाकडं बघितलं. ऊन चढलं होतं, पोरगी घामानं भिजली होती.

"इथून घरापर्यंत बसते. काचा पूर्ण खाली. ताडकळसला परत जाताना एसटी."

"चाललं की," सगुणाबाई लगेच म्हणाल्या. "येताना दिसलं म्हंजे झालं. जाताना कोण बघायलंय?"

"निरोप द्यायला सगळी गल्ली दारात येते, आत्या."

सगुणाबाईंनी राखाडी फडक्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं.

"मंग जाताना बी फाट्यापस्तोर बसू," त्या म्हणाल्या. "काचा खालीच ठिवू."

निकिता काचा उतरवायला लागली.